अहवालातली सेवा

सिल्वासात चर्च म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोर्तुगीजांच्या वेळचं जुनं चर्च येतं. आम्ही बाप्टिस्ट आहोत असं सांगितलं की समोरचा समजल्यासारखी मान हलवतो आणि म्हणतो, "म्हणजे तेच ना?" पहिली काही वर्षं मी "तेच नाही" हे नीट समजावून सांगायचे. आता "हो, तसंच काहीतरी" म्हणते. आमचं चर्च म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरचा भाड्याचा हॉल. आमच्यात बाप्तिस्मा देताना अख्ख्या माणसाला पाण्यात बुडवतात, आणि हॉलात साधं बेसिन नाही. त्यामुळे कोणी तारणाचा, म्हणजे बाप्तिस्मा घ्यायचा, निर्णय घेतला की आधी दमणगंगेला पाणी किती आहे ते बघून यावं लागतं.

या चर्चचं महिला मंडळ म्हणजे आम्ही सात बायका. शनिवारी दुपारी माझ्या घरी जमायचो. सगळ्या धुळे-नंदुरबारकडच्या, नवरे मसाट नाहीतर खडोलीच्या कारखान्यांत. आमचे हेही मसाटलाच, धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर. मी शाळेत पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवते, तेवढ्या भांडवलावर मला चिटणीस केलं होतं. अध्यक्ष होत्या मावशी. मावशी म्हणजे नरोलीत मुलाकडे राहणाऱ्या, पासष्टीच्या, विधवा. खानदेशात मिशनच्या दवाखान्यात जन्मभर आया म्हणून राबलेल्या. आपल्या हातावर किती बाळं जन्मली हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं, पण कोणता डॉक्टर कधी चुकला ते तोंडपाठ होतं.

आम्ही दोन गाणी म्हणायचो, वचन वाचायचो, आपापल्या सासवांसाठी सविस्तर प्रार्थना करायचो आणि चहा प्यायचो. यालाच आम्ही सहभागिता म्हणत होतो आणि त्यात काही कमी आहे असं आम्हांला वाटत नव्हतं.

मग एके दिवशी मुंबईच्या एका पाळकबाईंचा मेसेज आला. जगभरच्या बाप्टिस्ट बायकांनी आता देशादेशांत बहिणी जोडायच्या ठरवल्या होत्या. प्रत्येक मंडळाला परदेशातलं एक मंडळ. एकमेकींसाठी प्रार्थना करायची, महिन्यातून एकदा फोनवर एकमेकींना बघायचं, आपल्या सेवाकार्याची माहिती द्यायची. आमच्या वाट्याला कोण आलं ते शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत होतं. मी वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "मालदीव?"

मी म्हटलं, "हो." मलाही तसंच वाटलं, आणि चिटणिसाने अडखळू नये.

तीन शनिवार आम्ही मालदीवसाठी प्रार्थना केली. समुद्र वर येतोय, बेटं बुडतायत, असं कोणीतरी टीव्हीवर पाहिलं होतं. एकीने तर डोळ्यांत पाणी आणून लाटांना मागे हटण्याची आज्ञा केली. चौथ्या शनिवारी आमचे हे आतल्या खोलीतून म्हणाले, "मालदीवमध्ये सगळे मुसलमान आहेत. तिथं बाप्टिस्ट बायका कुठून आल्या?" मग मी चष्मा लावून मेसेज पुन्हा वाचला. मोल्डोव्हा. नकाशात शोधला. युरोपात, रुमानिया आणि युक्रेनच्या मधे दाबून बसवल्यासारखा देश. त्याला समुद्रच नव्हता.

"प्रार्थना वाया जात नाही," मावशी म्हणाल्या. "देवाला पत्ता माहीत राहतो."

पहिला व्हिडिओ कॉल थंडीच्या शेवटी झाला. आम्ही दिवाणखान्यातला पलंग आत ढकलला, भिंतीवरचं गॅस एजन्सीचं कॅलेंडर काढलं, शेजाऱ्यांकडून चार खुर्च्या आणल्या आणि लग्नातल्या साड्या नेसलो. युरोपातल्या बायका म्हणजे कशा असतील, आपण गबाळ्या दिसायला नको, ही एकच चिंता. फोन कपाटाला टेकवला. पडदा उजळला, आणि समोर आठ म्हाताऱ्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, घरातच जाड कोट घालून बसलेल्या. भिंतीचा रंग उडालेला. त्यांनी आमच्या जरीकडे पाहिलं, आम्ही त्यांच्या कोटांकडे. कोणी कोणाची कीव करायची याचा दोन्हीकडे थोडा गोंधळ उडाला.

त्यांच्या बाजूने बोलायला माझ्याच वयाची, माझ्यासारखीच शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई होती. त्यांची अध्यक्ष एक उंच, हाडापेराची म्हातारी. पुढे आम्ही तिला आजी म्हणू लागलो. आजी दोन मिनिटं बोलली. बाईंनी इंग्रजीत सांगितलं, "त्या तुम्हांला नमस्कार म्हणतात." मी मराठीत सांगितलं, "नमस्कार." मावशींनी मग तीन मिनिटांचं उत्तर दिलं, त्यात त्यांचं गुडघ्याचं दुखणंही आलं. मी इंग्रजीत म्हटलं, "आम्हांला आनंद झाला." पलीकडच्या बाईंनी माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं. एका दुभाषीने दुसरीला ओळखलं होतं.

मावशींनी विचारायला लावलं, "तिले विचार, घरात कोट काय म्हणून घातले?" उत्तर आलं, इथं गरम करायला परवडत नाही. त्यांच्या बाजूने प्रश्न आला, "तुमचं सेवाकार्य काय आहे?"

मी मागे वळून पाहिलं. सहा बायका माझ्याकडे आशेने बघत होत्या. आमचं सेवाकार्य माझ्या घरच्या चहापलीकडे गेलं नव्हतं. मावशी रोज सरकारी दवाखान्यात जायच्या हे खरं, पण तिथं बाकावर बसून गप्पा मारायला. काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून भराभर इंग्रजी वाक्यं निघाली: आम्ही कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांमध्ये सेवा करतो. नरोलीच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये घरोघर जातो. माहेरापासून लांब असलेल्या गरोदर बायकांची काळजी घेतो. आठही म्हाताऱ्या पुढे वाकून ऐकत होत्या. आजीने डोळे पुसले.

कॉल संपल्यावर मावशींनी विचारलं, "इतका वेळ काय सांगितलंस?"

मी खरं ते सांगितलं. एक जण म्हणाली, "प्रभूच्या नावाने?"

"त्याचं नाव मी घेतलं नाही," मी म्हटलं.

आठ दिवसांत पलीकडून निरोप आला. त्या बायका या कामासाठी रोज सकाळी प्रार्थना करत होत्या. त्यांना दर महिन्याचा अहवाल हवा होता, जमल्यास फोटो. मी तो निरोप शनिवारी वाचला तेव्हा मावशी म्हणाल्या, "मग जावं लागन. खोटं तू बोलली, पाय मना दुखतीन."

येशूने दोन मुलांचा दाखला सांगितला आहे. बापाने मळ्यात जायला सांगितल्यावर एक नाही म्हणाला आणि गेला, दुसरा हो म्हणाला आणि गेला नाही. "जाऊन आलोच की" म्हणणारा तिसरा त्या दाखल्यात नाही. मला त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचायला आवडलं असतं.

मावशी आणि मी दुसऱ्याच शनिवारी नरोलीतल्या चाळींकडे निघालो. डब्यात शिरा होता. रस्त्याच्या कडेने एकाला एक लागून खोल्या, प्रत्येकीला एक दार, एक खिडकी, बाहेर दोरीवर कंपनीचे शर्ट. पहिल्या चाळीत एका बाईने आम्ही बचतगटाच्या आहोत असं समजून दार लावलं. दुसऱ्या चाळीत पोलिओवाल्या समजून बाळाला पुढे केलं. तिसऱ्या चाळीच्या टोकाला खिडकीत एक मुलगी उभी होती, विशीची असेल नसेल. आम्ही दाराशी गेलो तर आतून म्हणाली, "ते घरी नाहीत. कोणाला उघडू नको म्हणून सांगितलंय."

मावशींनी खिडकीतून तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आठवा महिना?"

कडी निघाली.

ती सातपुड्यातल्या एका पाड्यावरची. नवरा बारा तासांच्या शिफ्टला. आईशी बोलायचं तर पाड्यावर रेंज नाही. आई बाजाराच्या दिवशी खाली उतरली तरच. तीन महिन्यांत ती नवऱ्याशिवाय फारशी कोणाशी बोलली नव्हती. हे तिने सांगितलं नाही; मावशींनी एक विचारलं की ती दहा सांगायची, त्यावरून कळलं. मावशींनी तिच्या पायाची सूज दाबून पाहिली, पोटाला हात लावला, दवाखान्याचं कार्ड मागितलं आणि ते अर्धवट भरलं म्हणून एका न पाहिलेल्या नर्सला शिव्या घातल्या. मी शिऱ्याचा डबा धरून उभी होते. निघताना मला आठवलं, आणि मी फोन काढला. ती एकदम मागे सरली. "फोटो नको."

म्हणून त्या महिन्याच्या अहवालाला बंद दारासमोर उभ्या असलेल्या मावशींच्या पाठीचा फोटो जोडला. मोल्डोव्हाहून उत्तर आलं, गरिबांची लाज राखणारी तुमची ही पद्धत आम्हांला फार शिकवून गेली.

आम्ही दर दोन दिवसांनी जाऊ लागलो. इतर पाच जणींनी वार वाटून घेतले. तिसऱ्या आठवड्यात चाळीचा मालक आडवा आला. शर्टाच्या खिशात दोन पेनं, आवाज मऊ. "बेन, अहीं आ बधुं नहीं चाले. धरम-बरमचं काम असेल तर बाहेर करा. मला लफडं नको." त्याचा संशय अगदीच निराधार होता असं मला म्हणवेना, कारण अहवालात मी "एका कुटुंबापर्यंत पोहोचलो" असं लिहिलं होतं, आणि त्या शब्दाचा परदेशात येशूपर्यंत आणलं असा अर्थ घेतला जातो ते मला माहीत होतं. प्रत्यक्षात मुलीच्या भिंतीवर तिच्या देवांचा फोटो होता, मावशी त्याखालीच पाय पसरून बसायच्या, आणि दोघींमधे फक्त कंबरदुखी, भाकरी आणि नवरे यांवर बोलणं व्हायचं.

मावशींनी मालकाला विचारलं, "तुझ्या बायकोला बाळंतपणात पाणी कोणी दिलं?"

"माझ्या आईने."

"हिची आई पाड्यावर आहे. आणू शकतो तू?"

मालक खिशातली पेनं सारखी करत निघून गेला. पुढच्या खेपेला त्याने आमच्यासाठी बाहेर प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. खुर्ची बाहेर होती, म्हणजे आम्ही आत काय बोलतो ते त्याला ऐकू यावं हाही हेतू असेल. मावशींनी ती आत ओढून घेतली.

मुलगी सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, भर दुपारी. मी शाळेत सातवीला कर्मणी प्रयोग शिकवत होते. मावशींचा फोन आला, "पोरगी. दोघी बऱ्या. नवरा रडू राहिला, त्याले चहा पाजला." मी फळ्याकडे वळले आणि बराच वेळ वळूनच राहिले.

त्याच आठवड्यात पोस्टातून पार्सल आलं. मोल्डोव्हाच्या बहिणींनी हिवाळ्यात पाठवलेलं, कुठे कुठे अडकून एप्रिलच्या शेवटी पोहोचलेलं. उघडलं तर आत लोकरीचे मोजे, लोकरीच्या टोप्या आणि पांघरुणाएवढी एक करडी शाल. त्या दिवशी पंख्याचा वारासुद्धा भाजत होता. आमचे हे हसत सुटले. "नकाशा त्यांनीपण नाही पाहिला."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी मोजे उलटे करून शिवण तपासली, टोपी कानांवरून ओढून पाहिली, सगळं पिशवीत भरलं आणि नरोलीला निघाल्या. मी गेले तेव्हा ती मुलगी त्या उकाड्यात पायांत मोजे, कानांवर रुमाल आणि खांद्यावर करडी शाल घेऊन बाजेवर बसलेली, बाळाच्या डोक्यात टोपी, पायांत इवलेसे मोजे, खाली शेगडीत ओव्याची धुरी. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून जे जे लागतं ते सगळं थेट युरोपातून आलं होतं. घामाने ती निथळत होती आणि तिचा चेहरा, मी पहिल्यांदाच पाहिला तसा, निवांत होता.

पुढच्या कॉलला मी हे सांगितलं. आजीने लगेच काहीतरी जोरात विचारलं. बाई म्हणाल्या, "त्या विचारतात, खिडकी आणि दार एकाच वेळी उघडं ठेवत नाही ना? तिथून जो वारा येतो तो फार वाईट. कानात शिरला की जन्मभर जात नाही." मी मराठीत सांगताच मावशी उठून फोनपाशी गेल्या. "हेच मी जन्मभर डॉक्टरांना सांगत आले!" म्हणाल्या. "या आपल्याच बायका आहेत." तेवढं एक मी जसंच्या तसं भाषांतरित केलं.

मग आजी हळू बोलू लागली, आणि बाईंनी या वेळी काही गाळलं नाही. आजीची मुलगी इटलीत एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करते. त्यांच्या गावातल्या निम्म्या मुली तिकडेच आहेत. परक्यांच्या आया सांभाळतात, आणि त्यांच्या स्वतःच्या आया इथं कोट घालून बसतात. मुलगी तिकडेच बाळंत झाली तेव्हा तिच्याजवळ कोणी नव्हतं. चौथ्या दिवशी ती कामावर गेली. "तुमच्यासारख्या बायका तिथं असत्या तर," आजी म्हणाली. "आम्हांला तिकडच्या चर्चमधल्या बायकांना लिहायचं आहे. हे काम तुम्ही कसं सुरू केलंत ते सांगा."

सगळ्या वाट बघत होत्या. मला एखादं वचन सांगता आलं असतं. दृष्टान्त झाला असंही चाललं असतं, अहवालांत होतात. पण माझ्या डोळ्यांपुढून ती चौथ्या दिवशी कामावर निघालेली मुलगी हलेना.

मी इंग्रजीत म्हटलं, "मी पहिल्या दिवशी खोटं बोलले. आम्ही काहीच करत नव्हतो. तुम्ही फोटो मागितलात म्हणून जावं लागलं."

पलीकडच्या बाईंनी खालच्या आवाजात मला विचारलं, "हे सांगू?"

"सांगा."

त्यांनी सांगितलं. आठ म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मागून मावशी पुटपुटल्या, "काय झालं? कोण वारलं?" आजी माझ्याकडे बघून थोडक्यात काहीतरी बोलली.

"त्या म्हणतात," बाई म्हणाल्या, "आमच्याकडे सगळे खरं बोलतात, आणि कोणी जात नाही." जरा थांबून त्यांनी जोडलं, "आणि त्या म्हणतात, पुढच्या वेळी लवकर खोटं बोल, माझी मुलगी एकटी होती." शेवटचं वाक्य आजीचं होतं की बाईंचं स्वतःचं, हे मी आजवर विचारलेलं नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, एवढं दिसलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एका शनिवारी आम्ही नरोलीला गेलो तर टोकाच्या खोलीच्या दोरीवर दुसऱ्याच कंपनीचे शर्ट वाळत होते. शेजारीण म्हणाली, कॉन्ट्रॅक्ट संपलं, गेली ती लोकं. गावाला, नाहीतर वापीला. फोन लागला नाही, पुढेही लागला नाही. मी रागावले होते. इतके महिने, इतका शिरा, आणि एक शब्द सांगून जाऊ नये? मावशी पायरीवर बसल्या होत्या.

"सांगून जायला आपण तिच्या कोण?" त्या म्हणाल्या. मग उठता उठता, "टोप्या नेल्या असतीन ना?"

खोली रिकामी झाली तेव्हा आत डोकावून आलेली शेजारीण म्हणाली, "काही ठेवलं नाही, सगळं नेलं." मावशींनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरूनच रस्ता ओलांडला. एरवी त्या धरत नाहीत. त्या वर्षी आम्ही आणखी चार जणींकडे गेलो. एकीने आम्हांला हाकलून दिलं, तेही सांगितलं पाहिजे.

मोल्डोव्हाच्या बाई आता जर्मनीला वृद्धाश्रमात कामाला गेल्यात. शाळेपेक्षा बरं, असं त्यांनी कळवलं. त्यामुळे तिकडे इंग्रजी जाणणारं कोणी उरलं नाही. मला वाटलं आता हे कॉल बंद पडणार. मावशींना तसं मुळीच वाटलं नाही. महिन्याच्या ठरलेल्या शनिवारी त्या कपाटासमोर खुर्ची ओढून बसतात, पलीकडे आजी बसते, आणि मावशी खानदेशीत व आजी तिच्या भाषेत अर्धा तास बोलतात, बऱ्याचदा एकदमच. मी चिटणीस म्हणून शेजारी असते. मला कोणी काही विचारत नाही.

परवा आजी बराच वेळ काहीतरी दुःखाने सांगत होती. मावशी "हां, हां" करत ऐकत होत्या. कॉल संपल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"तिची म्हैस आजारी आहे."

"मोल्डोव्हात म्हशी कुठून येतील, मावशी?"

"मंग गाय असेल," मावशी म्हणाल्या. "घरातलं कोणीतरी आजारी आहे, एवढं नक्की. तू डोळे मिट."